निशाण बघून ने

मित्रांनो, मी एक जुनी पाइनची फळी आहे. तळवड्यात वर्कशॉपच्या रांगेमागून एक काळा नाला वाहतो. त्याच्यावर मी आडवी पडलेली असते. माझ्या अंगात मधोमध कोयत्याचा खोल घाव आहे आणि एका टोकाला लाल रंगाचा पुसट पट्टा आहे. घावाबद्दल पोलिसांनी सगळं लिहून नेलं. पट्ट्याबद्दल मला कोणी विचारलं नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

मी मूळची चीनची. डोंगरावरचं झाड होते. मला कापलं, कीड मरावी म्हणून भट्टीत भाजलं आणि माझ्या पाठीवर आमच्या देशाची अक्षरं आणि एक छत्री छापली. छत्री म्हणजे आतल्या मालाला भिजू देऊ नका. मग एका मोठ्या प्रेस मशीनभोवती मला खिळ्यांनी ठोकलं. तिथं खिळे ठोकणारी एक बाई होती. ती जेवायच्या सुट्टीत गोष्ट सांगायची. आकाशात एक मुलगी कापड विणायची. खाली एक मुलगा गुरं राखायचा. दोघांनी लग्न केलं. आकाशाच्या राणीला ते खपलं नाही. तिनं केसातली पिन काढून आकाशात रेघ ओढली, तिची ताऱ्यांची नदी झाली आणि दोघं दोन काठांवर राहिली. पण वर्षातून एक दिवस काळेपांढरे पक्षी जमतात आणि पंख जोडून त्या नदीवर पूल करतात. त्या दिवसानंतर पक्ष्यांच्या डोक्यावरची पिसं गेलेली दिसतात. "पूल झालं की तुडवून घ्यावं लागतं," असं ती बाई म्हणायची आणि पुढचा खिळा ठोकायची.

मला वाटायचं, ही नुसती गोष्ट आहे.

जहाजातून मी बंदरावर आले आणि ट्रेलरवरून चाकणच्या एका कंपनीत. तिथं पहारी घालून मला उचकटलं. मशीन आत गेलं, मी भंगारात. भंगारातून मला हनीफनं उचललं.

हनीफ उदगीरकडचा. त्याचा दोस्त शमीमही तिकडचाच. दोघं एकाच टेम्पोतून बायका-पोरं घेऊन इकडं आले होते. नाल्याच्या अलीकडं हनीफनं जुन्या पॅलेटचं, म्हणजे माल रचायच्या लाकडी चौकटींचं, यार्ड टाकलं, पलीकडं शमीमनं म्हशींचा गोठा. मी लांब आणि सरळ होते, म्हणून हनीफनं मला विकलं नाही. दोन्ही घरांना येता-जाता यावं म्हणून नाल्यावर टाकलं. माझ्यावरून दूध इकडं यायचं आणि सरपण तिकडं जायचं. पोरं दिवसभर धावायची.

हनीफची बायको जुलेखाबी वारली तेव्हा मयताला अंघोळ घालायचा मशिदीतला तख्ता दुसऱ्या मयतीला गेला होता. हनीफनं मला नाल्यावरून काढलं आणि घासून धुतलं. शमीमच्या बायकोनं, कनीजबीनं, माझ्यावर ठेवून जुलेखाबीला न्हाऊ घातलं. हनीफ बाहेर भिंतीला टेकून पाण्याचा आवाज ऐकत होता. मग त्यानं मला परत नाल्यावर टाकलं. त्यानंतर तो फार कमी बोलायला लागला. कोणी काही विचारलं की एका वाक्यात उत्तर द्यायचा. पुढचं सगळं त्या एका वाक्यावरून झालं.

मित्रांनो, आता दोन गोष्टी नीट ध्यानात ठेवा.

हनीफच्या यार्डात केमिकल कंपन्यांतलेही पॅलेट यायचे. त्यांवर पिंपांतलं केमिकल सांडलेलं असायचं आणि लाकडात विष मुरलेलं असायचं. अशा फळीवर हनीफ ब्रशनं लाल पट्टा ओढायचा. त्याच्या घरात लाल म्हणजे हात लावू नको.

शमीमचं घराणं गुरांच्या बाजारातलं. जनावराचा सौदा झाला की ते लोक त्याच्या पाठीवर लाल रंगाचा फटकारा मारायचे, म्हणजे दुसऱ्या कोणी बोली लावू नये. त्याच्या घरात लाल म्हणजे हे आपलं झालं.

जुलेखाबीला जाऊन चाळीस दिवस झाले, त्या सुमारास शमीमला नवी गव्हाण करायची होती. तो फळ्या मागायला आला. हनीफ खाटेवर पडून होता. त्यानं मान न वळवता सांगितलं, "निशाण बघून ने."

शमीमनं निशाण बघितलं आणि लाल पट्ट्याच्या सगळ्या फळ्या नेल्या. दोस्तानं आपल्यासाठी वेगळ्या काढून ठेवल्या, म्हणून जाताना त्याचे डोळे भरून आले होते. ते मी पाहिलं.

म्हशी गव्हाण चाटतात. आधी गाभण म्हैस पडली. मग एकेक करून त्या नव्या गव्हाणीवरची सगळी ओळ गेली. तोंडाला फेस, पाय झाडत, दावं तोडायला बघत. कनीजबी त्यांच्या तोंडात ताक ओतत होती आणि ते बाहेर येत होतं. डॉक्टर म्हणाला, लाकडात विष आहे.

शमीम शेणाचं फावडं घेऊन माझ्यावरून पळत आला.

"लाल निशाण तू लावलंस का न्हाई?"

"मीच लावलं. त्यात लपवायचं काय?" हनीफ म्हणाला.

"माझ्यासाठीच लावलंस ना?"

"सगळ्यांसाठीच लावतो! डोळे फुटले होते का तुझे?"

"बघितलं म्हणूनच नेल्या!"

"बघून नेल्यास? मग मर की! माझ्याकडं कशाला आलास?"

दोघांनाही वाटलं, समोरच्यानं कबूल केलं. मला दोन्हीकडचं ठाऊक होतं. पण फळीला तोंड नसतं.

फावडं हनीफच्या डोक्यावर आलं. त्याचा मोठा मुलगा शहेबाज मध्ये पडला आणि त्यानं हातावर वार घेतला. त्याची दोन बोटं माझ्या शेजारी चिखलात पडली. हनीफनं पहार उचलली आणि शमीमच्या खांद्यावर घातली. हाड मोडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. एकाच टेम्पोतून आलेली माणसं एकमेकांना चावत होती. लोकांनी ओढून बाजूला केलं तेव्हा हनीफच्या तोंडात शमीमच्या सदऱ्याची चिंधी होती.

त्याच दिवशी हनीफनं मला नाल्यावरून ओढून यार्डात टाकलं. दोन्ही घरांनी मशिदीसुद्धा वेगळ्या धरल्या.

पण मित्रांनो, दोन्ही घरांत एकेक पोर असं होतं की ज्याला हे पटलं नव्हतं. हनीफची मुलगी साबिया कॉलेजला जाऊन आल्यावर पॅकिंगच्या प्लास्टिक पट्ट्यांच्या खाटा विणायची. शमीमचा मुलगा शोएब उरलेल्या म्हशी सांभाळायचा. दोघं सतरा-अठरा वर्षांची. शुक्रवारी शोएबच्या मशिदीतली नमाज लवकर सुटायची आणि हनीफकडचे पुरुष उशिराच्या नमाजला जायचे. तेवढ्या वेळात साबिया मला ओढत आणून नाल्यावर टाकायची. ती तिच्या टोकाला बसून विणायची, तो त्याच्या टोकाला बसायचा. मध्ये माझी लांबी. व्याली म्हैस असली की तो डब्यातून खरवस आणायचा आणि डबा माझ्यावरून तिच्याकडं सरकवायचा.

"काय बघलालास? तुझ्यापायी माझी गाठ चुकते," ती म्हणायची.

"तुला कोण बघलालंय! मी ही छत्री बघलालो. कशाला काढलीय?"

"फळी भिजू देऊ नका म्हणून."

"आणि तुम्ही टाकलीय नाल्यावर! तुमच्या घरात निशाण एक अन् काम दुसरंच."

"आणि तुमच्या घरात खरवसात साखर कमी. चाचींना सांग."

"सांगतो की. म्हणतो, हनीफचाचाची साबिया नावं ठेवलालीय. मग बघ फावडं."

दोघं हसायची, मग ती पुढची गाठ घालायला लागायची. मेलेल्या म्हशींचं नाव दोघं कधीच काढत नव्हती. तो तेवढा विषय टाळून ती जगत होती. एकदा जरी काढला असता, तरी बोलता बोलता उलगडलं असतं.

एका शुक्रवारी शहेबाजला माझ्या अंगावर ओल्या शेणाचा पायाचा ठसा दिसला. यार्डात म्हैस नव्हती, म्हणजे पलीकडून शोएब येत होता, आणि त्या वेळी घरी साबियाच असायची. पुढच्या शुक्रवारच्या सकाळी त्यानं साबियाला पत्र्याच्या खोलीत कोंडलं आणि बापाला सांगितलं. हनीफ म्हणाला, "त्याचे पाय मोडा. जीव घेऊ नका." पुन्हा एकच वाक्य.

मी त्याच खोलीला टेकून उभी होते. पत्र्याखाली हातभर फट होती. आतल्या कोपऱ्यात रंगाचा डबा असायचा. साबियाचा हात त्या फटीतून बाहेर आला. हातात ब्रश होता. तिनं माझ्या टोकावर लाल पट्टा ओढला, एकदा आणि परत एकदा. लहानपणापासून तिला एवढंच माहीत होतं, की लाल म्हणजे हात लावू नको. तिला वाटलं, शोएब लांबूनच बघेल आणि मागे फिरेल.

मित्रांनो, मला तेव्हा फुटून दोन तुकडे व्हायचं होतं.

शहेबाज मला उचलायला आला. त्याच्या तळव्याला रंग लागला. यार्डात लाल फळ्या कायमच्याच, त्याला काही वाटलं नाही. त्यानं हात पँटला पुसला आणि मला नाल्यावर टाकलं. लाल टोक पलीकडं गेलं. तो आणि त्याचे दोन मित्र पॅलेटच्या थप्पीमागे बसले.

शोएब डबा घेऊन आला. पट्टा बघून थांबला. साबियाचा जीव त्या पट्ट्यावर लागला होता. पोरगा हसला.

"च्यायला, आज तर निशाणच लावून ठेवलंय!"

खोलीतून साबिया ओरडली, "शोएब! लाल बघ! लाल!"

"बघितलं, बघितलं! आलोच!" म्हणत तो माझ्यावर चढला. धावतच.

माझ्या मध्यावर आला तेव्हा लोखंडी पाइप त्याच्या गुडघ्यावर बसला. तो माझ्यावरच कोसळला. डबा नाल्यात गेला. दुसरा पाइप नडगीवर बसला. साबिया पत्रा बडवत होती. हनीफ धावत येत होता, "बास! बास म्हटलं!" पण शहेबाजला तुटलेली बोटं दिसत होती. त्यानं पाठीमागून कोयता काढला. पहिला घाव शोएबनं मान वळवली म्हणून माझ्यात बसला. तो उपसायला शहेबाजला जोर लावावा लागला. मी जेवढं धरता येईल तेवढं धरून ठेवलं. भट्टीत वाळवलेलं लाकूड ते, किती धरणार? दुसरा घाव मानेवर बसला.

हनीफ गुडघ्यांवर बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी मान दाबली. बोटांमधून रक्त माझ्यावर वाहत होतं.

"पोरा, लाल दिसलं नाही का तुला? पोरीनं लाल लावलं होतं की रे!"

"दिसलं की, चाचा," शोएब म्हणाला. आवाज घशात बुडत होता. "लाल म्हणजे… आपलं ना."

तो गेला. हनीफनं तरी हात काढले नाहीत. तो तेच पुटपुटत होता, "लाल म्हणजे आपलं. लाल म्हणजे आपलं." मग त्यानं मान वर केली आणि पलीकडच्या गोठ्याकडं बघितलं. रिकाम्या दावणीकडं. त्याला सगळं कळलं, हे मला त्याच्या हातांवरून समजलं. ते गार पडले.

शहेबाजला पोलिसांनी यार्डातूनच नेलं. दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यातून शोएबला घरी आणलं. हनीफनं मला घासून धुतलं, खांद्यावर घेतलं आणि नाल्याच्या पाण्यात उतरून पलीकडं गेला. शमीमनं फावडं त्याच्या छातीला लावलं.

"घाल," हनीफ म्हणाला. "पण आधी ऐक. त्या दिवशी मी म्हणालो होतो, निशाण बघून ने."

"हौ. म्हणालास."

"म्हणजे निशाण असलेल्या सोडून ने. आमच्यात लाल म्हणजे विष."

"विचारायचं तरी," शमीम म्हणाला.

"तू तरी."

फावडं खाली आलं नाही आणि वरही गेलं नाही. कनीजबी दारातून बाहेर आली. डोळे सुकलेले होते. ती म्हणाली, "फळी ठेव तिथं. ह्याच फळीवर तुझ्या बायकोला मी न्हाऊ घातलं होतं. तू आता जा इथनं."

शमीमनं माझ्यावर ठेवून आपल्या पोराला अंघोळ घातली. मोडून वाकडा जुळलेला खांदा त्याला वर उचलता येत नव्हता, म्हणून तो तांब्या डाव्या हातानं ओतत होता. हनीफ तिथून चौकीत गेला आणि म्हणाला, "मारायला मीच सांगितलं होतं." तो आणि शहेबाज दोघंही आत आहेत.

आता यार्ड साबिया बघते. ती लाल पट्टा ओढत नाही. विषाच्या फळीवर मोठ्या अक्षरांत 'विष' लिहिते आणि वाचता न येणाऱ्यांसाठी म्हशीचं डोकं काढून त्यावर फुली मारते. मला कनीजबीनंच परत नाल्यावर टाकून खिळ्यांनी ठोकायला लावलं. शुक्रवारी ती माझ्यावरून येते आणि साबियाजवळ बसते. साबिया विणते, कनीजबी पट्ट्या सोडवून देते. एखादी गाठ चुकली की साबिया समोरच्या टोकाकडं बघते. तिथं कोणी नसतं.

मित्रांनो, त्या बाईच्या गोष्टीतल्या दोघांना वर्षातून एक दिवस तरी मिळतो. ह्या दोघांना नाही. पुलाला तुडवून घ्यावं लागतं, त्याचं मला दुःख नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांनी तो लाल पट्टा झिजत चाललाय, झिजू दे. माझे खिळे सैल झाले तर ठोका, पावसात मला वाहून जाऊ देऊ नका, एवढंच मागणं आहे. आणि शेजाऱ्यानं एखादं निशाण लावलेलं दिसलं, तर आपल्या मनानं अर्थ लावू नका. त्याच्या दारात जा आणि विचारा, तुमच्यात ह्याला काय म्हणतात? तोंड तुम्हाला दिलेलं आहे. मला नाही.