शनिवारचं उत्तर

दोन हजार अठरा साल होतं ते. दिवाळी तोंडावर आलेली, पण पाऊस न झाल्यामुळे चौसाळ्याचा बाजार ओस पडलेला. त्या शुक्रवारी मिल्काबाईंनी मला शेवटचं कोडं घातलं.

मिल्काबाई आणि हाइमभाऊ नवगावकर आमच्या भिंतीला भिंत लावून राहायचे. बेने इस्रायली ज्यू, मूळचे अलिबागकडचे. भाऊ बीडच्या एसटी डेपोत मेकॅनिक होते, बाई इथल्या शाळेत शिकवायच्या. मुलगा रुबेन इस्रायलला गेला, हे दोघं इथेच राहिले. त्यांच्या धर्माचं दुसरं घर जिल्ह्यात असल्याचं आमच्या तरी ऐकिवात नव्हतं.

त्यांच्या तोरा ग्रंथातला वाचायचा भाग आठवड्यागणिक ठरलेला असतो. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत बाई खोबरेलाचा दिवा लावायच्या आणि परसातल्या बुटक्या भिंतीपाशी येऊन त्या भागातलं एक कोडं मला घालायच्या. कोणती बाई मागं वळून बघायला गेली आणि आमटीत टाकायच्या कामाची झाली? मिठाचा खांब झालेली ती. पण उत्तर शनिवारी, आभाळात तीन तारे दिसल्यावर, त्यांचा शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विसाव्याचा दिवस, सुटला की. कितीही गळ घाला, त्याआधी नाही.

त्या शुक्रवारचं कोडं असं होतं : एक म्हातारा परमुलखात तंबू ठोकून राहिला. हा सगळा मुलूख तुझा, असं देवानं त्याला सांगितलेलं. तरी त्यानं स्वतःच्या मालकीची पहिली जागा घेतली, ती कशासाठी?

मी विहीर म्हणाले, घर म्हणाले, देऊळही म्हणाले. बाई हसल्या आणि आत गेल्या.

पहाटे त्या झोपेतच गेल्या.

शब्बाथला पुरत नाहीत, म्हणून भाऊंनी कुणाला हात लावू दिला नाही. घरात फोन वाजत राहिला, तोही उचलला नाही. दारातली माणसं कुजबुजायला लागली. माझे दीर सिद्धाराम म्हणाले, गाडी सांगून ठेवू, पुण्याला न्यावं. भाऊ माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "पुण्यात आमची जागा आहे, वहिनी. पण तिथं हिच्याजवळ जाऊन कोण बसणार? इथं माणसं आहेत, तर जागा नाही."

दिवसभर मला परसात जाववेना. बाई भिंतीपाशी उभ्या आहेत, सांगायचं राहिलंय म्हणून थांबल्यात, असं वाटत होतं. दिवस मावळला. तारे दिसले. मी भाऊंच्या उंबऱ्यात जाऊन बसले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "भाऊ, कालचं उत्तर राहिलं."

ते बाईंच्या तोंडाकडे वळले.

"कबर," ते म्हणाले. "अब्राहामाची सारा वारली. तो तिथल्या लोकांपुढं उभा राहिला आणि म्हणाला, मी तुमच्यात परका आहे, माझ्या माणसाला पुरायला जागा द्या."

ते उठले, चप्पल न घालता सिद्धारामभावजींच्या दारात गेले आणि तेच शब्द बोलले. आम्ही लिंगायत, आमच्यातही पुरतात. समाजाच्या जागेचा कारभार भावजींकडे होता.

"परका कावून म्हनता?" भावजी म्हणाले. "तीस वर्सं माझ्या ओट्यावर बसून माझ्याच च्याला नावं ठिवली, तवा परके नव्हते का?" आणि डोळे पुसत चावी घ्यायला आत गेले.

रविवारी सकाळी नवीच अडचण झाली. आमच्यात बसवून पुरतात. तिथले खड्डे खणणाऱ्या, आमच्या गल्लीतल्या कडूबाईच्या नवऱ्यानं सवयीनं चौकोनी, खोल खड्डा खणला होता. बाईंना निजवायचं होतं. पांढऱ्या कापडातल्या बाई कडेला ठेवून माणसं खड्डा लांब करत होती आणि भाऊ शेजारी बसून, पाहुणीला ताटकळत ठेवल्यासारखे, तिची समजूत घालत होते.

पुढच्या शुक्रवारी दिवस मावळताना मला भिंतीपलीकडे कुणी नसल्याचं माहीत होतं. तरी थांबले. शनिवारी तारे दिसल्यावर भाऊंचा आवाज आला, "डाळीची आमटी." मग एक प्रश्न विचारून होईल एवढी शांतता. मग, "विहीर." फक्त उत्तरं. प्रश्न मला कधीच ऐकू आला नाही.

रुबेन दोनदा न्यायला आला. भाऊ गेले नाहीत. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ते वारले आणि बाईंच्या शेजारीच त्यांना ठेवलं. सिद्धारामभावजींना अर्धांगवायू झाला. बोलता येत नाही, चहा मात्र दोन वेळा लागतो. रुबेन दिवाळीला फोन करतो. घर त्यानं विकलं. तिथे रोहिणी नावाची नर्स राहते. शुक्रवारी संध्याकाळी ती परसात पाऊल टाकत नाही. मी कारण विचारलं, तर म्हणाली, "कुनीतरी काहीतरी इचारतंय असं वाटतं मावशी, आन् मला येत न्हाई."

तेव्हापासून शुक्रवारचं तिचं वाळलेलं धुणं मीच काढून देते.