जपानसमोरचा पाउंड

आमच्या शाळेच्या व्हरांड्यातल्या भिंतीवर जगभरचा पैसा रंगवलेला होता. देश, चलन आणि खूण असे तीन रकाने, खाली अठरा देश. भोकरदन तालुक्यातल्या सातवीपर्यंतच्या शाळेला डॉलरचं काय पडलंय, असं मला रुजू झाल्या झाल्या वाटलं होतं. पण हेडमास्तर बद्रीनाथ गुरुजींचा त्या भिंतीवर भारी जीव. १९८७ साली त्यांनी पदरच्या पैशांनी ती भिवा पेंटरकडून रंगवून घेतली होती.

भिवा एरवी ट्रकच्या मागच्या फळ्या रंगवायचा. गुरुजींच्या कागदावरची अक्षरं त्यानं वाचून काढली, खुणा मात्र नुसत्या बघून. त्या नादात जपानच्या ओळीत पाउंडची £ गेली आणि इंग्लंडच्या ओळीत येनची ¥. रोज सकाळी गुरुजी छडी फिरवायचे आणि पोरं ओरडायची, जपान येन, इंग्लंड पाउंड. नावं बरोबर होती, त्यामुळे कुणाला काही कळलं नाही. खुणा कोण मोठ्यानं वाचतो?

माझ्या लक्षात पहिल्याच आठवड्यात आलं. पण मी नवी होते, राहायला खोली गुरुजींनीच मिळवून दिली होती, आणि भिंत दाखवताना त्यांचा चेहरा असा खुलला होता की मी तोंड मिटून घेतलं. नंतर सांगू म्हटलं. त्यात सहा वर्षं गेली.

२००० साली जालन्यातल्या एका संस्थेनं सातवीच्या मुलींची परीक्षा घेतली. पहिल्या दहाजणींना वसतिगृहात फुकट राहून दहावीपर्यंत शिकता येणार होतं. आमच्या नऊ मुली बसल्या. त्यांत शिवकन्या सगळ्यात हुशार. तिच्या बापानं, पुंजारामनं, आधीच सांगून टाकलं होतं, "नंबर लागला तर जाईल. न्हाई तर सातवी बास झाली."

निकालात आमच्या शाळेचं नावच नव्हतं. वेगळं पत्र आलं. 'जोड्या लावा'मध्ये नऊच्या नऊ मुलींनी जपानला £ आणि इंग्लंडला ¥ जोडलं होतं. एवढ्या जणी एकच चूक करतात म्हणजे कॉपी, असं संस्थेचं म्हणणं. सगळ्या बाद.

गुरुजी चवताळले. "माझ्या पोरी चोऱ्या करीत न्हाईत," म्हणत ते पत्र आणि भूगोलाचं पुस्तक घेऊन भिंतीपुढं गेले. पुस्तकातली खूण आणि भिंतीवरची खूण त्यांनी तीनदा ताडून पाहिली. मग भोकरदनहून फोटोग्राफर आणून त्यांनी भिंतीचा फोटो काढून घेतला आणि एसटीनं जालना गाठलं. तिथं लेखी दिलं की चूक माझी आहे, तेरा वर्षांची आहे, मुली निर्दोष आहेत. हेडमास्तरानं असं लिहून द्यायचं म्हणजे काय, ते नोकरी केलेल्यालाच कळेल.

संस्थेनं मुलींवरचा ठपका काढला. पण चुकीच्या उत्तराला गुण द्यायला ती तयार नव्हती, आणि त्यात तिचं काही चुकलंही नाही. शिवकन्या एका गुणानं अकरावी आली.

हे सांगायला गुरुजींनी तिला व्हरांड्यात बोलावलं. मी तिथंच वह्या तपासत होते. पोर रडली नाही. भिंतीकडं बघत म्हणाली, "मला ठाऊक व्हतं, गुरुजी. मामाच्या घरी पेपरात पाह्यलं व्हतं, जपानची खूण दुसरी हाय."

"मंग तसं का न्हाई लिहिलं?"

"भिंतीवर तुमी लिहिलेलं ना. म्या म्हनलं, पेपरवाल्याचंच चुकलं आसंल."

ती दप्तर घेऊन घरी गेली. गुरुजी पायरीवर बसले. मला वहीतली अक्षरं दिसेनात, आणि लाज वाटत होती, दुसरं काही नाही.

"बाई," ते म्हणाले, "माझं तर वय झालं. तुमच्या बी कधी ध्यानात आलं न्हाई का हो?"

"नाही, गुरुजी," मी म्हणाले.