मोरिवाकीबाईंची पहिली टाळी

मोरिवाकीबाईंना नवऱ्याच्या चष्म्याचा नंबर ठाऊक नाही, पण मिनासेने कुठल्या नाटकात कुठल्या हाताने तलवार उपसली ते तोंडपाठ. आमच्या गावच्या संगीत मंडळीत सगळ्या बायकाच. मिनासे पुरुषांच्या भूमिका करते, आणि तिच्या चाहत्यांमध्ये, म्हणजे आमच्यात, मोरिवाकीबाईंचा मान मोठा. मिनासे रंगमंचावर आली की पहिली टाळी त्यांची. मग आमची, मग सगळ्या थिएटरची.

"टाळी म्हणजे मोचीच्या लाडवांसाठी भात कुटणं नव्हे," त्या नव्या बायकांना बजावत. "क्षण कळावा लागतो."

"तो तुम्हाला कळतो म्हणून तर आम्ही डोकं घरी ठेवून येतो, बाई," मी म्हणायचे. त्यांना ते कौतुकच वाटे.

या खेपेच्या नाटकात मिनासे युद्धावरून परतणारा सरदार होती. तो येण्याआधी एक नावाडी चार ओळी गातो. नावाडी झाली होती चिगुसा. इतकी वर्षं ती गर्दीत कंदील धरून उभी राहिली, आणि मंडळी सोडून जायच्या वेळेला तिला पहिल्यांदा एकटीचं गाणं मिळालं होतं. तिसऱ्या ओळीनंतर ती बराच वेळ थांबायची. वाद्यंही थांबायची. मग शेवटची ओळ, अगदी हलक्या आवाजात, आणि त्यानंतर मिनासेचा प्रवेश.

शेवटच्या प्रयोगाला मिनासे शेवटच्या ओळीआधीच्या त्या शांततेतच आली. मागे अंधारात येऊन नुसती उभी राहिली. चिगुसाचं शेवटचं गाणं तिला जवळून ऐकायचं होतं, बाकी काही नाही. मोरिवाकीबाईंना दिसले फक्त तिचे बूट.

टाळी पडली. पाठोपाठ आमची, मग वरच्या मजल्यापर्यंत सगळ्यांची. चिगुसाचे ओठ हलले, ओळ संपली, कुणालाही ऐकू गेली नाही. मिनासेने मान खाली घातली.

मोरिवाकीबाईंचे हात तसेच एकमेकांना चिकटून राहिले. "मी काय केलं हो?" त्या पुटपुटल्या. मी कार्यक्रमपत्रिका उघडून बघायला लागले. टाळ्या मीही वाजवल्या होत्या, चांगल्या जोरात.

खेळ संपल्यावर मागच्या दाराशी आम्ही नेहमीसारख्या ओळीत गुडघ्यांवर बसलो. दुसऱ्या नटीच्या लोकांत जायचं नाही, हा आमचा कडक नियम. चिगुसा बाहेर आली तेव्हा तिच्या बाजूला चारच माणसं होती. मोरिवाकीबाई उठल्या आणि सरळ तिकडे चालू लागल्या.

"अहो बाई, खाली बसा! मिनासे यायची वेळ झाली," मी त्यांची बाही ओढली. त्यांनी ती सोडवून घेतली.

चिगुसापुढे त्या कमरेत वाकल्या. "मला तुमची माफी..."

"तुम्हीच ना त्या?" शेजारची सावळी, ठेंगणी बाई मध्येच म्हणाली. "मी हिची आई. मासळीचं दुकान सोडून कधी यायला जमलंच नाही, आज पहिल्यांदा आले. तुमच्या गळ्यातल्या रुमालावरून ओळखलं. तुम्ही टाळी वाजवलीत आणि सगळं थिएटर उठलं हो! माझ्या पोरीसाठी!"

मोरिवाकीबाईंनी चिगुसाकडे पाहिलं. चिगुसाने हळूच मान हलवली. नको.

"फक्त त्या गलक्यात शेवटची ओळ हुकली माझी," आई म्हणाली. "मी आपली वरती, पार मागे. तुम्ही तर पुढे होतात. कशी झाली हो?"

मोरिवाकीबाईंचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. मिनासेच्या आवाजातला बारीकसा खरखराटही ज्यांना कळतो, त्या खाली बघत म्हणाल्या, "फार सुरेख झाली."

"झाली ना? मला वाटलंच!" आईने त्यांचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले आणि सोडेचना.

तेवढ्यात मिनासे बाहेर आली. आम्ही सगळ्यांनी माना वर केल्या. मोरिवाकीबाई पाठमोऱ्याच उभ्या राहिल्या.