दोन रेघांचा ब्रश

मित्रांनो, मी एक जुना ब्रश आहे, आणि माझं टोक दुभंगलेलं आहे. माझ्या चित्रकार ताईने एकदा मला दिवसभर पाण्यात उभं ठेवलं, तेव्हापासून माझ्या प्रत्येक रेघेच्या शेवटी दोन रेघा होतात. दुसऱ्या कुणी मला फेकून दिलं असतं. ताई म्हणाली, "असू दे, गवत छान येतं याच्याने."

ताईच्या मावसभावाने मन शांत करणारं एक ॲप काढलं. त्यासाठी आम्ही दोघांनी चाळीस चित्रं रंगवली. नुसती तळी, ढग आणि कुरणं. घरचंच काम म्हणून तिने फार काही घेतलं नाही. ॲपमध्ये खाली लिहिलेलं असायचं, 'सगळी चित्रं हाताने रंगवलेली.' ते वाचून मी फुशारून जायचो.

मग भाऊ चित्रं मागायला येईनासा झाला. ताईने आपणहून एकेचाळिसावं रंगवायला घेतलं. आभाळ अर्धं झालं असताना तिने सहज फोनवर ॲप उघडलं. तिथे एक नवं तळं होतं. काठाला गवत, आणि प्रत्येक पात्याच्या टोकाला दोन रेघा. रेघा माझ्या होत्या, पण शपथ घेऊन सांगतो, ते तळं मी रंगवलं नव्हतं.

तिने भावाला बोलावून घेतलं.

"अगं, यंत्राला तुझीच चित्रं दाखवली," तो म्हणाला. "हुबेहूब काढतं. तुला त्रास कशाला?"

"आणि ॲपची किंमत दुप्पट केलीस ती?"

"हाताने रंगवलेलं म्हटलं की लोक देतात."

"मग ती ओळ काढ. नाहीतर किंमत उतरव."

"लोकांना झोप लागते ना ताई, मग झालं तर."

केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. केसही माझेच होते.

आठवडाभराने ॲपमधून ताईला एका अनोळखी आजींचा निरोप आला. तुमचं तळ्याकाठचं गवत बघून डोळा लागतो, म्हणून पेन्शनमधून दुप्पट भरते, असं त्यांनी लिहिलं होतं. ताईने उत्तर लिहिलं, "ते गवत माझं नाही. पैसे परत मागा." तेव्हापासून भाऊ तिच्याशी बोलत नाही, आणि ताईने मला हातात धरलेलं नाही.

मित्रांनो, यंत्राकडून खुशाल चित्रं काढून घ्या. पण तसं सांगा, आणि दामही तसाच लावा. आणि ताई भेटली तर एवढं कळवा, की त्या दिवशी ती मला धुवायची विसरली. अर्ध्या आभाळाचा निळा रंग माझ्या केसांत वाळलाय. कोमट पाण्यात अजून सुटेल.