मास्तरांचं ध्यान

गाडी चालवायला शिकवता शिकवता मास्तरांचा जीव रोज मुठीत असायचा. चुकायचा शिकणारा, ब्रेक दाबायचे मास्तर. पुढे पुढे ते घरी जेवतानाही टेबलाखाली पाय दाबू लागले, तेव्हा बायकोने त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, सकाळी थोडा वेळ डोळे मिटून शांत बसा आणि मनात येईल ते वहीत उतरवा.

सांगायला काय जातंय? घर दोन खोल्यांचं. मास्तर बाहेर बसले की आईला नेमकं तिथलंच कपाट उघडायचं असे, आत बसले की बायकोचा मिक्सर सुरू. शेवटी वैतागून ते खाली उभ्या गाडीत जाऊन बसले, काचा वर केल्या, डोळे मिटले. वहीत लिहिलं, ‘क्लच.’ दुसऱ्या दिवशी, ‘क्लच. मग आरसा.’

इकडे गल्लीत बभ्रा झाला, की बायकोने मास्तरांना घराबाहेर काढलंय आणि ते गाडीत बसून वकिलासाठी सगळं लिहून काढताहेत. तिखटमीठ लावून ही बातमी सासऱ्यांपर्यंत पोचली. ते सकाळीच येऊन थडकले आणि मागच्या सीटवर बसले.

“जावईबापू, पोरीचं चुकलंच असणार. जिभेला हाड नाही तिच्या. आईवर गेलीय.”

बायको नेमकी चहा घेऊन खाली आली होती. तिने हे ऐकलं, दार उघडून ती पुढे बसली आणि बापलेकीची जी जुंपली, ती थांबेना. मास्तरांनी मग शिकाऊंना दरडावायचा आवाज काढला.

“दोघंही डोळे मिटा. आणि तोंडं.”

दोघांनी मुकाट्याने मिटली. जरा वेळाने सासरे घोरू लागले. बायकोचीही मान कलली. सकाळच्या वेळी हातात काम नसताना ती कित्येक वर्षांत बसली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दोघं मास्तरांच्या आधी गाडीत हजर. पाठोपाठ आईही घरातून खाली उतरली. “नुसतं बसायचंच ना? मग मला जमेल,” म्हणत तिने व्याह्यांना सरकायला लावलं. ध्यान राहिलं बाजूला, गप्पा रंगल्या. मास्तर हळूच दार उघडून सटकले आणि वर आले.

घर रिकामं होतं. भांड्याचा आवाज नाही, कपाटाची करकर नाही. मास्तर पलंगावर ऐसपैस मांडी घालून बसले.

खालून बायकोची हाक आली, “अहो, इथला एसी कसा लावायचा?”

मास्तरांनी उठून खिडकी लावून घेतली.