कर्ण्यातली हाक

"ए बिराप्पा, ती धनगराची लाव की रं!" मांडवातून कुणीतरी ओरडलं आणि बिराप्पाने ऐकू न आल्यासारखं करून सनईची रेकॉर्ड उलटी करून लावली.

नवरदेव अजून मारुतीच्या देवळातच होता. वऱ्हाडाला करमत नव्हतं. शेवटी नवऱ्या मुलाचे वडील बाळासो स्वतः मशीनपाशी आले.

"सनई दिसभर ऐकायचीच हाय. लालासायबाची लाव. पावणं खदखदून हसली पायजेत."

गिऱ्हाईक म्हणजे देव. बिराप्पाने मुकाट्याने पिन ठेवली. कऱ्हाडपासून विट्यापर्यंत त्या साली एकही लग्न ह्या रेकॉर्डशिवाय लागलं नसेल. खांद्यावर घोंगडं टाकून एक धनगर साताऱ्याला येतो, विजेचा दिवा फुंकून विझवायला बघतो, आरशातल्या माणसाला रामराम घालतो आणि शेवटी घाबरून मेंढरांना हाका मारत पळत सुटतो. हे सगळं लालासाहेबाच्या नाकातल्या आवाजात. धनगर नाकात बोलतो, हे बिराप्पाला त्या रेकॉर्डवरूनच कळलं होतं.

बिराप्पा स्वतः धनगर. बहात्तरच्या दुष्काळात निम्मी मेंढरं मेली, तेव्हा तो कऱ्हाडला आला, एका स्पीकरवाल्याच्या हाताखाली राहिला आणि पुढे त्याने स्वतःचं मशीन घेतलं. आज ह्या मांडवातला एकूण एक दिवा त्यानेच जोडलेला होता. तरी दिवा फुंकणारा धनगर आला की लोक रेकॉर्ड ऐकता ऐकता त्याच्याकडे बघून हसायचे.

पण खरं सांगायचं तर त्याला चेष्टेचा एवढा राग नव्हता. त्याला राग होता लालासाहेबाचा. कृष्णाकाठचा उसाचा धनी, जन्मात कधी मेंढराच्या मागे गेला नाही, आणि धनगर म्हणून नाव त्याचं! बिराप्पाचा गळा काय कमी होता? बिरोबाच्या जत्रेत तो ओवी म्हणायला उभा राहिला की बायका चुलीवरची भाकरी विसरायच्या. कर्णा बिराप्पाचा, बॅटरी बिराप्पाच्या खांद्यावर, खांबावर चढणारा बिराप्पा, आणि आवाज लालासाहेबाचा. हा जळफळाट त्याने दोन वर्षं पोटात ठेवला होता.

त्यात घरी बायको हरणाबाई. तीसुद्धा ही रेकॉर्ड लागली की पदर तोंडाला लावून हसायची.

"अगं, आपलीच चेष्टा हाय ती," तो एकदा चिडून म्हणाला.

"आपली कुठली? आपुन कुठं असं बोलतो? त्यो दुसराच कुणीतरी धनगर हाय," ती म्हणाली. "पर बोलतोय किती ग्वाड!"

त्या 'ग्वाड'वर बिराप्पा दोन दिवस धड जेवला नव्हता.

तर त्या दिवशी मांडवात रेकॉर्ड सुरू झाली आणि धनगर आरशापाशी आला नि तिथेच अडकला. रामराम, रामराम, रामराम. चैताच्या उन्हात तबकडी वाकडी झाली होती. बिराप्पाने पिन उचलली तसा एकच गिल्ला झाला.

"आता वं? ममईवनं लालासाब येत्यात जिपातनं, त्येंच्याम्होरं अशी शोभा?" बाळासो तडकले.

लालासाहेब येणार म्हटल्यावर बिराप्पाच्या अंगात काय शिरलं कोण जाणे. त्याने माईक हातात घेतला आणि आरशापासून पुढचं सगळं स्वतः बोलायला सुरुवात केली. शब्दन् शब्द पाठ होता. आवाज नाकात काढला, पळताना धापा टाकल्या. मांडव हसून लोळायला लागला. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याच्या कर्ण्यातून त्याचा आवाज येत होता.

शेवटी मेंढरांना हाका मारायची जागा आली. लालासाहेब तिथे नुसतं 'ब्याऽ ब्याऽ' करायचा. बिराप्पाला ते जमेना. मेंढराला कुणी मेंढरासारखं ओरडून बोलावतं का? त्याच्या जिभेने आपोआप टर्रऽ केलं आणि बापाने शिकवलेली लांबलचक हाक गळ्यातून बाहेर पडली.

कालव्यापलीकडे तोडलेल्या उसाच्या रानात त्याच्या थोरल्या भावाची, धुळाची, मेंढरं खतासाठी बसवलेली होती. हाक कर्ण्यातून तिथवर गेली आणि सगळा कळप उठला. कळपाभोवती लावलेली वाघराची जाळी तुडवून, कालवा ओलांडून मेंढरं सरळ मांडवात घुसली. बायका पाटांवर चढल्या. तोरणाची पानं गेली, अक्षतांचं ताट उपडं झालं, आणि नेमका त्याच वेळी लालासाहेब जिपातून उतरला.

मेंढरांच्या मागून धुळा धापा टाकत आला. "का घातलीस हाक? मीठ हाय का तुझ्याजवळ?"

ही हाक मिठाची. संध्याकाळी दगडांवर मीठ मांडायचं आणि मग ही हाक घालायची, असा त्यांच्याकडे रिवाज. हाक घातली की मीठ दिलंच पाहिजे. मुक्या जिवाला खोटी हाक घालू नये, हे बापाचं सांगणं. बिराप्पा आचाऱ्याकडे गेला, मिठाचं भगुणं घेऊन आला आणि भर मांडवात एकेका मेंढराला तळहातावर मीठ चाटवू लागला. लोक आधी हसले होते त्याच्या दुप्पट हसले. रेकॉर्डमधला धनगर त्यांना आयता समोर मिळाला होता.

लालासाहेब हसता हसता डोळे पुसत पुढे आला. "गड्या, लय भारी! ही हाक मला पायजे. म्होरच्या रेकॉर्डीत घालतो." त्याने स्वतः दोन-तीनदा हाक मारून बघितली. एकाही मेंढराने मान वर केली नाही. बिराप्पाला इतकं बरं वाटलं की सांगता सोय नाही. लालासाहेबाचा चेहरा क्षणभर पडला होता, आणि तो पडलेला चेहरा बिराप्पाने डोळे भरून बघून घेतला.

"माझ्या गळ्यात न्हाई बसायची ही," लालासाहेब म्हणाला. "तूच चल ममईला. हाक तेवढी तू घाल."

"आरं, तितं मीठ कुणाला घालनार?" धुळा म्हणाला.

"तुझ्या पोटात दुकतंय," बिराप्पा म्हणाला. "भावाचं चांगलं हुतंय, ते बघवंना तुला."

धुळा मेंढरं वळवून निघून गेला.

मुंबईला रेकॉर्ड कंपनीत बिराप्पा दिवसभर एका बाकावर बसून राहिला. मग त्याला आत बोलावलं, त्याने हाक घातली आणि काम संपलं. दिवाळीनंतर नवी रेकॉर्ड आली. लग्नात मेंढरं घुसतात आणि वेंधळा धनगर चुलीमागे लपतो, अशी ती गोष्ट होती. पाकिटावर फेटा बांधलेला लालासाहेब होता. बिराप्पाने पाकीट उलटंसुलटं करून बघितलं. त्याचं नाव कुठेच नव्हतं.

त्याने ती घरी लावली. हाक आली तसा तो हरणाबाईकडे बघत राहिला.

"ही माजी," तो म्हणाला.

"व्हय? मला वाटलं लालासायबाचीच." ती कौतुकाने म्हणाली, "त्येला सगळं येतंय ना!"

आपल्याच आवाजाचा हेवा वाटायची पाळी कुणावर येऊ नये. ती त्याच्यावर आली. तो लग्नालग्नातून सांगत सुटला, "ही हाक माजी बरं का." लोक म्हणायचे, "व्हय व्हय, आन लालासाबाचा ऊस बी तुझाच!" मग तो पुन्हा पिन ठेवायचा. ऐकून ऐकून तरी कुणी ओळखेल, म्हणून एकेका लग्नात पाच-पाचदा लावायचा. धुळाचा तळ जवळ असला की कर्ण्याचं तोंड मुद्दाम रानाकडे करायचा. तिकडे धुळाची मेंढरं उठतात, धावतात, हे त्याला ठाऊक होतं. निदान ती तरी ओळखत होती.

माघात धुळा बिराप्पाच्या स्पीकरच्या दुकानात आला. तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"ती रेकॉर्ड लावू नगंस. मेंढरं ऊठसूट पळत्यात. मीठ तरी किती घालू?"

"लोक मागत्यात. आन माजा आवाज हाय त्यो. मी का बंद करू?"

"तुझाच हाय म्हणून तर सांगायला आलो," धुळा म्हणाला.

चैतात बिराप्पा पुन्हा त्याच गावात लग्नाला आला. दिवस कलताना जेवणावळी सुरू झाल्या, तसा तो बिडी ओढायला कालव्याच्या बांधावर गेला. पलीकडच्या रानात मेंढरं पांगलेली होती. धुळाने दगडांवर मीठ मांडलं, उभा राहिला आणि हाक घातली.

मेंढरं चरत राहिली.

धुळाने पुन्हा घातली. एक म्हातारी मेंढी थोडी थबकली, कान हलवला आणि पुन्हा खाली मान घालून चरायला लागली. बिराप्पाने बिडी टाकली. कालव्यात उतरून तो पलीकडे गेला आणि छाती भरून त्याने स्वतः हाक घातली. त्याच्या आयुष्यातली ती सगळ्यात सुरेल हाक असेल. एकही मेंढरू हललं नाही.

तेवढ्यात मागे मांडवात कुणीतरी मशीनवर पिन ठेवली. त्याचीच हाक रानभर पसरली आणि तिच्यामागे तबकडीतल्या माणसांचं हसणं. मेंढरांनी तिच्याकडेही कान दिला नाही.

बिराप्पा भावाकडे बघायला धजेना. वाटलं, शिव्या देईल, काठी घालेल. पण धुळाने घोंगडं खांद्यावर सारखं केलं आणि डाव्या अंगाने मेंढरं वळवायला निघाला. बिराप्पाने चपला काढून रानाच्या बांधावर ठेवल्या आणि तो उजव्या अंगाने गेला. एकेका मेंढराच्या पाठीवर हात ठेवून, ढकलत, दोघं भाऊ त्यांना मिठाच्या दगडांकडे आणत राहिले.