बुटक्या मंत्र्याचं स्टूल

मी एक लाकडी स्टूल. कोळशाच्या खाणीत छताला टेकू देतात, त्या लाकडाच्या उरलेल्या तुकड्यांतून खाणीच्या सुतारानं मला ठोकून उभं केलं आणि कामगारांच्या कपडे बदलायच्या खोलीत ठेवलं.

तिथंच मी त्याला पाहिलं. उंचीमुळे सगळे त्याला ‘बुटक्या’च म्हणत. स्वभावानं शांत. पण एकदा खाणीचं छत कोसळलं. बाहेर यायची वाट एकच, तीही बुजली. आत अडकलेल्यांत त्याचा थोरला भाऊ होता. तो परत आला नाही.

दुसऱ्या सकाळी मॅनेजर त्या खोलीत येऊन म्हणाला, “चला, कामाला लागा.”

बुटक्या काहीतरी बोलू लागला, पण मागच्यांना दिसेना. सुतार ओरडला, “अरे, चढ त्या स्टुलावर!”

तो चढला. त्यानं दोन्ही पाय माझ्यावर घट्ट रोवले. आवाज खणखणीत. “दुसरी वाट काढा. तोवर कुणीही खाली उतरणार नाही.”

संप झाला, दुसरी वाट निघाली आणि बुटक्याचा पुढारी झाला. पुढे निवडणुकीत त्याची बायको मला काखोटीला मारून सभेसभेला न्यायची. विरोधक हिणवायचे, “बघा, स्टूल घेऊन फिरणारा उमेदवार!”

तो हसायचा. “खुर्ची घेऊन तर पळत नाही ना!”

लोकांनी त्याला निवडून दिलं. काही वर्षांनी तो खाणमंत्री झाला. प्रत्येक खाणीला दुसरी वाट सक्तीची करणारं विधेयक त्यानं तयार केलं, तेव्हा मुख्यमंत्र्यांनी बजावलं, “मालक नाराज होतील. मागे घ्या, नाहीतर मंत्रिपद विसरा.”

घरी येऊन त्यानं बायकोला विचारलं, “पडलो तर?”

“पडा की. आधीच जमिनीजवळ आहात, फारसं लागणार नाही.”

दुसऱ्या दिवशी भर सभागृहात माझ्यावर उभं राहून त्यानं विधेयक मांडलं. काठावरच्या बहुमतानं ते मंजूर झालं. मंत्रिपद गेलं. त्या दुपारी दोघं शिट्टी वाजवत घरी आले. म्हणजे शिट्टी बायकोची, त्याला वाजवता येत नाही.

आता आम्ही दाराशी उन्हात असतो. मध्यंतरी संग्रहालयवाले मला काचेत ठेवायला मागत होते. तो म्हणाला, “मग मी बसू कुठे?”

तुम्ही या गल्लीत आलात, तर उभ्याउभ्या जाऊ नका. तो चहा टाकायला आत जातो, तेवढा वेळ मी रिकामंच असतं.